खानदेशातील अद्भुत विज्ञानपटासाठी कथाबीज

प्रश्न (जळगाव): आम्ही काही मित्र स्वखर्चाने एक अद्भुत विज्ञानपट करू इच्छितो. दृश्यपरिणामांसाठी पैसा नाही, मात्र कल्पना याच मातीतली हवी. ती कुठे शोधावी?

प्रतिसाद (चाळीसगाव): आपण चाळीसगावजवळच्या पाटणादेवीला अवश्य जावे. 1114 साली जन्मलेल्या गणितज्ञ भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचे नातू चांगदेव यांनी मठ स्थापल्याची नोंद तिथल्याच पाटणच्या शिलालेखात आहे. त्या मठात अर्धवट राहिलेल्या एखाद्या गणिताचे उत्तर आज आकाशातून येऊ लागले, एवढ्या कल्पनेवरही चित्रपट उभा राहू शकतो. भीती ध्वनीतून निर्माण करावी. माझ्या मते ती दृश्यांपेक्षा खोल जाते.

प्रतिसाद (साक्री): साक्री तालुक्यातील ब्राह्मणवेलच्या पवनचक्क्या संधिप्रकाशात चित्रित कराव्यात. पाटणादेवीचा परिसर मात्र गौताळा अभयारण्यात येतो, त्यामुळे वनविभागाची परवानगी आधीच घ्यावी.