नवा कॉम्प्युटर घेण्याआधी: सोसायटीच्या ग्रुपवर

कुलकर्णी काका (ए-२०३): नमस्कार मंडळी. घरचा कॉम्प्युटर चालू करून चहा पिऊन आलो तरी डेस्कटॉप धड उघडलेला नसतो. दुकानात दाखवला. ते म्हणाले, विंडोज १० बंद झालं, या मशीनवर ११ चढत नाही, नवीनच घ्या. कोटेशन ४८ हजारांचं दिलंय. सोसायटीचे हिशेब टॅलीत याच मशीनवर आहेत, त्यामुळे फार थांबताही येणार नाही. काय करावं?

रोहन (बी-६०२): काका, हे करून बघा, आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर आलंय. टेम्प आणि प्रीफेच फोल्डर रिकामे करा. एमएसकॉन्फिग म्हणजे विंडोज कसं सुरू व्हावं ते ठरवायची चौकट, तिच्यात बूटच्या टॅबवर प्रोसेसर जास्तीत जास्त निवडा. शेवटी एखादा रजिस्ट्री क्लीनर फिरवा.

नेहा (सी-५०१): काका, आज काहीही खरेदी करू नका. रोहन, तू मदत म्हणूनच टाकलंस, पण त्यातलं टेम्प सोडून बाकीचं काकांनी करू नये. कुठलं सॉफ्टवेअर उघडताना कोणत्या फाइली लागतात याच्या नोंदी विंडोज प्रीफेचमध्ये ठेवतं. त्या पुसल्या की पुन्हा तयार होतात आणि तोवर सगळं आणखी हळू उघडतं. प्रोसेसरचे सगळे कोअर, म्हणजे काम करणारे भाग, विंडोज तसेही वापरतंच, तो पर्याय चाचणी घेणाऱ्यांसाठी दिलाय.
काका, आधी एवढं बघून सांगा. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. छोटीच चौकट दिसली तर खाली 'मोअर डिटेल्स' दाबा. मग 'परफॉर्मन्स'. डावीकडे सीपीयू, मेमरी, डिस्क अशी नावं येतील. प्रत्येकाखाली काय लिहिलंय ते जसंच्या तसं इथे टाका.

कुलकर्णी काका (ए-२०३): सीपीयू १४ टक्के. मेमरी ३.१/३.९ जीबी. डिस्क ० (सी), त्याखाली एचडीडी, त्याखाली १०० टक्के. तो १०० हलतच नाहीये.

नेहा (सी-५०१): दुखणं तिथेच आहे काका. एचडीडी म्हणजे जुन्या पद्धतीची हार्ड डिस्क. आत चकत्या फिरतात आणि एक बारीक हेड पुढेमागे सरकून वाचतं. विंडोज सुरू होताना शेकडो लहान फाइली वेगवेगळ्या ठिकाणांहून उचलाव्या लागतात, आणि ते हेड बिचारं धावत राहतं. तुमचा प्रोसेसर फक्त १४ टक्के काम करतोय, म्हणजे तो डिस्कची वाट बघत बसलाय. प्रोसेसर चांगला आहे, मशीन चांगलं आहे.
तुम्हाला साटा एसएसडी लागेल, म्हणजे चिपवर साठवणारी, साटा केबलने जोडायची डिस्क. २५६ जीबीची पुरे. तिच्यात फिरणारा भागच नसतो. विंडोज आणि टॅली एसएसडीवर घ्यायचं, जुनी डिस्क फोटोंसाठी तशीच आत ठेवायची. सध्या एसएसडी आणि रॅम दोन्हींचे भाव चढलेत, तरी ४८ हजारांपुढे हा खर्च अगदीच किरकोळ आहे. रॅम, म्हणजे तुम्ही टाकलेली ती मेमरी, ४ जीबीच दिसतेय, ती ८ केली तर उत्तम, पण एकच काही परवडणार असेल तर आधी एसएसडी.

कुलकर्णी काका (ए-२०३): अगं पण दुकानदाराने डिस्कचं नावही काढलं नाही.

नेहा (सी-५०१): तुम्ही आता स्वतः आकडा बघितलाय काका, तोच दाखवून विचारा. आणखी एक, टास्क मॅनेजरमध्येच 'स्टार्टअप' नावाचा टॅब आहे. त्यात 'एनेबल्ड' असलेली नावं सांगा.

कुलकर्णी काका (ए-२०३): प्रिंटरचं काहीतरी, व्हिडिओ कॉलचं, दोन अँटीव्हायरस, एक ड्रायव्हर अपडेटर, एक 'पीसी बूस्टर', गाण्यांचं एक ॲप.

नेहा (सी-५०१): हे सगळे रोज सकाळी त्याच एका डिस्कवर एकदम तुटून पडतात. प्रिंटर, व्हिडिओ कॉल आणि गाण्यांच्या ॲपवर राइट क्लिक करून 'डिसेबल' करा. त्याने सॉफ्टवेअर जात नाही, फक्त आपोआप सुरू होत नाही. तुम्ही उघडाल तेव्हा उघडतं. बूस्टर आणि ड्रायव्हर अपडेटर मात्र सेटिंग्जमधल्या ॲप्समध्ये जाऊन अनइन्स्टॉलच करा. ड्रायव्हर, म्हणजे प्रिंटर, आवाज वगैरे चालवणारी छोटी सॉफ्टवेअर, विंडोज अपडेटमधून येतात.
दोन अँटीव्हायरस एकत्र कधीच ठेवू नयेत. दोघंही प्रत्येक फाइल तपासायला धावतात आणि एकमेकांच्या आड येतात. दोन्ही काढलेत तर विंडोजचा स्वतःचा डिफेंडर आपोआप चालू होतो. घरच्या वापराला तो पुरतो, वेगळे पैसे भरायची गरज नाही.

जोशी (सेक्रेटरी): नेहा, क्लीनर का नको म्हणतेस? आपल्या ऑफिसच्या कॉम्प्युटरवर पण कुणीतरी टाकून ठेवलाय.

नेहा (सी-५०१): जोशी काका, रजिस्ट्री म्हणजे विंडोजची सगळ्या सेटिंग्जची वही. तिच्यात लाखो नोंदी असतात. त्यातल्या पाचपन्नास जुन्या पुसून वेगात काही फरक पडत नाही, आणि चुकीची एक पुसली गेली तर एखादं सॉफ्टवेअर उघडेनासं होतं. असले क्लीनर वापरू नका असं खुद्द मायक्रोसॉफ्टच सांगते. शिवाय अशा सॉफ्टवेअरला आपण मशीनच्या सगळ्या चाव्या देतो. २०१७ मध्ये सीक्लीनर या अशाच एका प्रसिद्ध क्लीनरच्या ५.३३ या आवृत्तीत हॅकर्सनी मालवेअर घुसवलं होतं. लोकांनी ते कंपनीच्या अधिकृत साइटवरूनच घेतलं होतं, वीस लाखांहून जास्त कॉम्प्युटरवर गेलं. ज्या कामासाठी जोखीम घ्यायची ते काम तरी मोठं असावं ना.
जागा मोकळी करायची तर विंडोजमध्येच सोय आहे. सेटिंग्ज, सिस्टिम, स्टोरेज. तिथे 'टेम्पररी फाइल्स' उघडा. फक्त 'डाउनलोड्स'समोर टिक नाही ना, हे बघूनच पुसा. बऱ्याच जणांचे पावत्यांचे पीडीएफ तिथेच पडलेले असतात.

कुलकर्णी काका (ए-२०३): एक शंका. मी रोज रात्री न चुकता शट डाउन करतो. पण सीपीयूच्या खाली 'अप टाइम' दिसतोय तो ११ दिवसांचा. मशीन बंद होत नाहीये का?

नेहा (सी-५०१): किती बारकाईने बघितलंत! बंद होतं काका, पण पूर्ण नाही. विंडोज ८ पासून 'फास्ट स्टार्टअप' आलं. शट डाउन करताना विंडोजचा गाभा डिस्कवर जसाच्या तसा साठवला जातो आणि सकाळी तिथूनच पुढे सुरू होतो. म्हणून ११ दिवसांपूर्वी अडकलेलं काही असेल तर तेही सोबत येतं. 'रीस्टार्ट' केलं की मात्र सगळं खरोखर नव्याने सुरू होतं. तुमच्या जुन्या डिस्कवर फास्ट स्टार्टअपचा उपयोग आहे, ते बंद करू नका. आठवड्यातून एकदा रीस्टार्ट करत जा. प्रिंटर अडला, आवाज गेला, तरी आधी रीस्टार्टच.

शेख भाई (ए-७०१): मग विंडोज १० बंद झालं ते खरं की खोटं?

नेहा (सी-५०१): अर्धं खरं, भाईजान. १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चे नेहमीचे मोफत सुरक्षा अपडेट थांबवले. कॉम्प्युटर चालायचा थांबत नाही, पण नवीन सापडलेली भगदाडं बुजत नाहीत, आणि बँकेचं काम करणाऱ्या मशीनला ते चालणार नाही. यावर घरगुती वापरासाठी एक्स्टेंडेड अपडेटची सोय आहे, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेट उघडा, 'एन्रोल नाऊ' अशी ओळ दिसेल. मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगइन करून सेटिंग्ज सिंक करायला परवानगी दिली तर पैसे लागत नाहीत. मशीनवर विंडोज १० ची २२एच२ ही शेवटची आवृत्ती मात्र हवी.
काका, सेटिंग्ज, सिस्टिम, अबाउट मध्ये प्रोसेसरचं नाव बघा.

कुलकर्णी काका (ए-२०३): इंटेल कोअर आय३-६१००.

नेहा (सी-५०१): आय३ नंतरचा आकडा ६ ने सुरू होतोय, म्हणजे सहावी पिढी. विंडोज ११ ला साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो, सोबत टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट या मशीनमधल्या सुरक्षेच्या दोन सोयी. दुकानदार तेवढ्यापुरतं बरोबर बोलला. वाकड्या वाटेने ११ चढवून देणारे आहेत, पण अशा मशीनला पुढचे अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. हिशेबाच्या मशीनवर ते नको. एसएसडी टाका, एन्रोल करा, आणि नव्या मशीनचा विचार घाई न करता करा. तेव्हा हीच एसएसडी काढून वापरता येईल.

रोहन (बी-६०२): विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम टाकली तर? फुकट आहे आणि जुन्या मशीनवर मस्त चालतं.

नेहा (सी-५०१): चांगला पर्याय आहे रोहन. फक्त इंटरनेट, मेल, यूट्यूब असेल त्या घरात मी स्वतः बसवून देईन. पण टॅली विंडोजवरचं आहे, काकांना चालणार नाही.

शेख भाई (ए-७०१): मुलीच्या लॅपटॉपवर कोपऱ्यात सारखं येतं, 'तुमच्या पीसीत ५ व्हायरस सापडले', खाली फोन नंबर. अँटीव्हायरसने स्कॅन केलं, काही मिळालं नाही.

नेहा (सी-५०१): मिळणार नाहीच, कारण तो व्हायरस नाही. कुठल्यातरी साइटने 'नोटिफिकेशन दाखवू का' विचारलं आणि घाईत 'अलाउ' दाबलं गेलं. क्रोममध्ये तीन टिंबं, सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, साइट सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स. परवानगी दिलेल्या साइटची यादी दिसेल. अनोळखी सगळ्या काढून टाका, लगेच थांबेल. त्या नंबरवर कुणीही, कधीही फोन करू नका. ते लोक रिमोटचं सॉफ्टवेअर टाकायला लावतात आणि समोर बसून बँक उघडायला सांगतात. कुणाकडून झालंच असेल तर आधी इंटरनेट तोडा आणि लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर तक्रार करा, लाजू नका. जितक्या लवकर कळवाल तितके पैसे अडवले जाण्याची शक्यता जास्त.

शेख भाई (ए-७०१): सापडलं. अकरा साइट होत्या. काढल्या. शुक्रिया बेटा.

पाटील काकू (बी-१०४): नेहा, माझंही एक काम आहे गं. भजनी मंडळाची सगळी पदं मी जुन्या कॉम्प्युटरवर टाइप केली होती, जवळजवळ दोनशे पानं. मुलाच्या लॅपटॉपवर फाइल उघडली तर सगळं इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. पदं गेली का?

नेहा (सी-५०१): नाही गेली काकू, एकही शब्द गेलेला नाही. पूर्वीचे मराठी फॉन्ट युनिकोड नव्हते, म्हणजे प्रत्येक मराठी अक्षराला सगळ्या मशीनवर एकच ठरलेला क्रमांक देणारी पद्धत त्यांत नव्हती. आत इंग्रजी अक्षरच साठवलं जायचं आणि फॉन्ट त्यावर मराठी चेहरा चढवायचा. तो फॉन्ट नसलेल्या मशीनवर खालचं इंग्रजी उघडं पडतं. जुना कॉम्प्युटर चालतोय ना? मग आधी तिथूनच सगळ्या पदांची पीडीएफ करून ठेवा, तिच्यात फॉन्टही जातो. मग फॉन्टचं नाव मला पाठवा, त्याचा युनिकोड कन्व्हर्टर शोधू.
रूपांतर झालं की पीडीएफ शेजारी ठेवून वाचावं लागेल. जुन्या फॉन्टमध्ये जसं दिसतं त्या क्रमाने टाइप व्हायचं, म्हणजे पहिली वेलांटी अक्षराच्या आधी आणि रफार नंतर. युनिकोडमध्ये उच्चाराचा क्रम असतो. त्यामुळे 'विठ्ठल', 'कीर्तन', 'पंढरपुरी तऱ्हा' असल्या ठिकाणी हमखास गडबड होते. दोनशे पानं आहेत, आपण चौघी-पाच जणींत वाटून घेऊ. मी वीस पानं घेते.

पाटील काकू (बी-१०४): मीच वाचीन सगळी, मला पाठ आहेत. पण नवीन पदं कशी टाइप करू?

नेहा (सी-५०१): काही डाउनलोड करायचं नाही. सेटिंग्ज, टाइम अँड लँग्वेज, लँग्वेज, तिथे मराठी जोडा. मग मराठीच्या 'ऑप्शन्स'मध्ये 'ॲड कीबोर्ड', आणि 'मराठी फोनेटिक' निवडा. २०१९ च्या अपडेटपासून तो विंडोज १० मध्येच आहे. विंडोजचं बटण धरून स्पेस दाबलं की इंग्रजी-मराठी बदलतं. मग इंग्रजी अक्षरांनी उच्चार लिहा, खाली मराठी शब्द सुचतात. हे युनिकोड असतं, त्यामुळे मोबाइलवर, मेलमध्ये, कुठेही तसंच दिसेल.

डिसूझा आंटी (सी-३०२): नेहा, या सगळ्या पायऱ्या वाचून मला जमणार नाहीत. कुणी बसून दाखवेल का?

जोशी (सेक्रेटरी): रविवारी सकाळी १० ते १२ क्लब हाउस उघडं ठेवतो. प्रोजेक्टर आहे. नेहा, रोहन, जमेल?

नेहा (सी-५०१): नक्की येऊ. लॅपटॉप असेल तर चार्जरसकट आणा. डेस्कटॉप उचलून आणू नका, त्यांच्या घरी आम्ही दुपारी येतो. काका, तुमची एसएसडीही तेव्हाच बसवू, पण टॅलीचा बॅकअप शनिवारीच पेन ड्राइव्हवर घ्या आणि तो मशीनला लावून न ठेवता कपाटात ठेवा. मायक्रोसॉफ्ट अकाउंटचा पासवर्ड सगळ्यांनी आठवून या. ग्रुपवर मात्र टाकू नका.

रोहन (बी-६०२): मी स्क्रूड्रायव्हर आणि साटा केबल आणतो.

कुलकर्णी काका (ए-२०३): बूस्टर आणि दोन्ही अँटीव्हायरस काढले, रीस्टार्ट केलं. डिस्क आता मध्येमध्ये ४० पर्यंत खाली येतेय. दुकानात फोन करून ऑर्डर थांबवली.

पाटील काकू (बी-१०४): फॉन्टचं नाव बघून रात्री टाकते गं.