मदत हवी आहे: फ्रेंच नावाचा उच्चार आणि स्कीइंगच्या शब्दांना मराठी

आमच्या शाळेच्या अंकासाठी फ्रान्सच्या स्लॅलमपटू पेरिन पेलेन यांच्यावर सहाशे शब्दांचा लेख लिहिते आहे. (स्लॅलम म्हणजे बर्फाच्या उतारावर रोवलेल्या काठ्यांमधून वळणं घेत उतरायची स्कीइंगची शर्यत.) वाचक सहावी-सातवीचे, बर्फ फ्रीजमध्येच पाहिलेले.

मजकूर तयार आहे. 1980 लेक प्लॅसिड हिवाळी ऑलिंपिक, जायंट स्लॅलममध्ये (काठ्या जास्त अंतरावर असलेली स्लॅलम) कांस्य. 1984 सारायेव्हो ऑलिंपिकला स्लॅलममध्ये रौप्य (सुवर्ण इटलीच्या पाओलेत्ता मागोनीला) आणि जायंट स्लॅलममध्ये पुन्हा कांस्य. 1985 ला बोर्मिओत स्लॅलमचं विश्वविजेतेपद. ऑलिंपिक सुवर्ण मात्र नाहीच. हा चटका लेखात ठेवलाय.

अडलंय दोन ठिकाणी.

पहिलं, आडनाव. शेवटचा 'न' स्पष्ट म्हणायचा की नाकातला? संगणकाच्या दोन आवाजांनी दोन तऱ्हा ऐकवल्या. इंग्रजी समालोचनाचा दाखला नको, ते कुठलंही नाव आपल्याच पद्धतीने घेतात.

दुसरं, स्लॅलममधला 'गेट'. लाल-निळ्या काठ्यांमधून वळणं घेत उतरायचं, दोन फेऱ्यांच्या वेळेची बेरीज करायची, हे मुलांना समजलं. पण एक स्की काठीच्या चुकीच्या बाजूने गेली की खेळाडू बाद, हे वाक्य लिहिताना 'फाटक' शब्द वापरला आणि लेकीने विचारलं, "रेल्वेचं?" 'दार' लिहिलं तर आणखी विचित्र. 'गेट'च ठेवायला माझी हरकत नाही, पण संपादकबाईंना मराठी शब्द हवाय. रोमन लिपी आणि तळटीपा चालणार नाहीत. अंक शुक्रवारी छापायला जातोय.

फ्रान्समध्ये राहणारं किंवा फ्रेंच शिकवणारं कुणी आहे का इथे? आणि 'गेट'ला तुम्ही काय म्हणाल?