मदत हवी आहे : पणजोबा कलाभवनात होते, त्यांचे कागद शोधू कुठे?

नमस्कार मंडळी,

मी बडोद्याची, दांडिया बाजारातली. इतिहासाशी संबंध दहावीपुरता. गेल्या दिवाळीत माळा आवरताना पणजोबांची एक वही सापडली. पहिल्या पानावर ‘कलाभवन, बडोदे’. आत कापड रंगवण्याची टिपणं: मंजिष्ठ किती, तुरटी किती, उकळायचं किती वेळ. बहुतेक पानांवर दोन बोटं रुंद कापडाची पट्टी टाचणीने लावलेली. टाचण्या गंजून कागदाला भोकं पडलीत, पण निळीची पट्टी अजून निळीच आहे. मजकूर अर्धा बाळबोध, अर्धा मोडी. मोडी आमच्याकडे आता कुणालाच येत नाही.

पणजोबा तिथे विद्यार्थी होते की शिकवायला होते, यावरून बाबांचं आणि आत्याचं दर गणपतीत वाजतं. म्हटलं, एकदाचा निकाल लावू.

कलाभवनाचीच पुढे विद्यापीठातली इंजिनिअरिंगची विद्याशाखा झाली, म्हणून सरळ विद्यापीठात गेले. हातात ना कुणाचं पत्र, ना साल. नुसतं पणजोबांचं नाव. ‘कयुं वरस? कयुं खातुं?’ (कोणतं साल? कोणतं खातं?) असं विचारल्यावर मी गप्प. चूक माझीच. घरी येऊन वही नीट पाहिली. पहिली तारीख श्रावण शुद्ध ५, संवत १९५८. त्यातून ५७ वजा करून १९०१ काढलं आणि बडोदे संस्थानाचा त्या सालचा अहवाल चाळला. कलाभवनाचा उल्लेख आहे, विद्यार्थ्यांची नावं नाहीत.

पुढे काय करू? प्राच्यविद्या मंदिरात जाऊन उपयोग होईल का? आणि मी कुठल्या कॉलेजात नाही, तर मला कागद बघू देतात का?

दफ्तरवेडा :
ताई, प्राच्यविद्या मंदिर सोडून द्या. तिथे पोथ्या आहेत, मुख्यतः संस्कृत. रामायणाची चिकित्सक आवृत्ती तिथेच तयार झाली. हजेरीपट तिथे कशाला असेल?

कलाभवन सयाजीरावांनी १८९० मध्ये काढलं, आणि विद्यापीठ झालं १९४९ मध्ये. म्हणजे तुमच्या पणजोबांच्या काळात ते संस्थानाच्या विद्याखात्याचं होतं. पगार, शिष्यवृत्त्या, नेमणुका, सगळी मंजुरी दरबारची. तो पत्रव्यवहार दरबारच्या दफ्तरात, म्हणजे कागदांच्या गठ्ठ्यांत, जायचा, आणि संस्थान विलीन झाल्यावर ती दफ्तरं सरकारकडे गेली. आज ती गुजरात राज्य अभिलेखागाराकडे आहेत, बडोद्यातच. संस्थेचे स्वतःचे कागद, म्हणजे प्रवेशाची रजिस्टरं वगैरे, उरले असतील तर विद्याशाखेच्या कार्यालयात किंवा विद्यापीठाच्या हंसा मेहता ग्रंथालयात. तेव्हा दोन्हीकडे विचारा, पण प्रश्न वेगवेगळे. ‘कागद कुणाविषयी आहे’ यापेक्षा ‘तो तेव्हा कुणी लिहिला, कुणाला पाठवला’ हे आधी ठरवा. दफ्तरं नावावर लावलेली नसतात, खात्यावर आणि सालावर लावलेली असतात.

आणखी एक. पणजोबा नोकरीत असतील तर आज्ञापत्रिकेत सापडू शकतात. ते संस्थानाचं गॅझेट. नेमणूक, बदली, रजा, सगळं त्यात यायचं. विद्यार्थी असतील तर तिथे शोधून डोळे दुखवून घेऊ नका.

पत्राचं म्हणाल तर एखाद्या इतिहासाच्या प्राध्यापकांचं शिफारसपत्र न्या. विषय एका वाक्यात लिहून घ्या, ‘घराण्याचा इतिहास’ असं मोघम नको. ‘कलाभवनातला रंगाईचा वर्ग, १९०० ते १९०५’ असं काहीतरी. शिसपेन न्या, शाईचं पेन आत चालत नाही बहुतेक ठिकाणी. जे दफ्तर मागवाल त्याचा नंबर, काही सापडलं नाही तरी, टिपून ठेवा. मी एकच रिकामं बासन, म्हणजे दफ्तर बांधायचं फडकं, तीनदा सोडलंय.

मोडीचा नाद :
दफ्तरवेड्यांनी सगळं सांगितलं, पण मूळ घोळ सालातच आहे! आपण मराठी माणसं शालिवाहन शकाला सरावलेलो, साल बदलतं पाडव्याला. गुजरातेत संवत बदलतो दिवाळीनंतर, कार्तिकात. म्हणजे संवत १९५८ सुरू झाला नोव्हेंबर १९०१ मध्ये, आणि त्यातली नागपंचमी आली ऑगस्ट १९०२ मध्ये. ५७ फक्त दिवाळी ते डिसेंबर, पुढे ५६ वजा करायचे. त्यात बडोद्याच्या अहवालाचं वर्ष १ ऑगस्टला सुरू व्हायचं. तुम्ही चाळलात तो खंडच चुकीचा. १ ऑगस्ट १९०२ पासूनचा बघा. नावं त्यातही नसतील, पण वर्ग किती, मुलं किती, हे कळेल. दफ्तर मागवायला तेवढं पुरतं.

अर्थात पणजोबांनी आपल्या मराठी सवयीने, साल पाडव्याला बदलून, लिहिलं असेल तर गोष्ट वेगळी. मोडीच्या एकदोन पानांचे फोटो टाका, वाचून देतो.

जुनं कापड :
टाचण्या उपसू नका, पट्टीसकट फोटो काढा. सेलोटेप नाही, लॅमिनेशन तर मुळीच नाही. वही आडवी ठेवा. बाकी, दादासाहेब फाळकेही कलाभवनात शिकले होते, तेव्हा तुमचे पणजोबा चांगल्या संगतीत आहेत :)

धागाकर्ती :
सगळ्यांचे आभार. मोडीवाले काका, तुमचं वाचून लगेच वही काढली. आश्विन वद्य १० ला संवत १९५८ आहे. पान उलटलं तर एका बाजूला लाल पट्टी, आणि खाली कार्तिक शुद्ध ६, संवत १९५९. म्हणजे पणजोबा साल इथलंच लिहीत होते. फोटो रात्री टाकते. पत्रासाठी आत्याच्या ओळखीतल्या एका प्राध्यापिकांना फोन केलाय; आत्या म्हणते, मीही येणार, नाहीतर तू बाबांच्याच बाजूचा कागद काढशील.