मदत हवी आहे: पोरं बापाला इतक्या लवकर ‘बाबा’ कशी म्हणतील?

एकांकिका ४५ मिनिटांची, प्रयोग नागपुरात, लक्ष्मीनगरच्या सायंटिफिक सभागृहात. बाप १४ वर्षांनी परततो तो थेट ३२व्या मिनिटाला. मुलगी १९ची, मुलगा १५चा. बाप माफी मागतो, मुलगा रडत मिठी मारतो, आणि तिथंच प्रसंग खोटा पडतो. बाप गेला तेव्हा मुलगा वर्षाचा होता. त्याचा राग आईकडून उसना घेतलेला. खरी आठवण आहे ती ताईला.

माफीचं वाक्य कापलं. आता मुलगा न बोलता बापापुढे तर्रीची वाटी सरकवतो, ताई ती उचलून परत आत नेते. हे चांगलं जमतं, पण पुढची १२ सेकंदांची शांतता मागच्या रांगेपर्यंत टिकत नाही.

बापाची एंट्री १५व्या मिनिटाला आणावी का? आणि ‘अहो’वरून ‘बाबा’ आधी कोणी म्हणावं? ताईनंच ना?