मदत हवी आहे: मार्चअखेर सोलेंटमध्ये थंडी-पावसात शिडाची बोट

प्रश्न: इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यालगतच्या सोलेंट सामुद्रधुनीत हॅम्बलहून पश्चिमेकडच्या यार्मथला जाऊन त्याच दिवशी परत यायचं आहे. बोट ९ मीटर, माणसं चार, त्यातली दोन नवखी. अंदाज नैर्ऋत्येचा वारा, फोर्स ४ (मध्यम जोर), अधूनमधून सरी. कोकणातल्या पावसाळ्यात भिजायची सगळ्यांना सवय आहे. कपडे, लाइफजॅकेट आणि निघायची वेळ याबद्दल सांगाल का?

शिडवाला: कोकणची सवय इथे विसरा. तिकडे भर पावसातही समुद्र २७-२८ अंश असतो, सोलेंट मार्चअखेर ८-९. अशा पाण्यात पडल्यावर पहिली एक-दोन मिनिटं श्वास ताब्यात राहत नाही, धाप लागते, तेवढ्यात तोंडात पाणी जातं. पोहता येणाऱ्याचंही तेच होतं. म्हणून लाइफजॅकेट धक्क्यावरच चढवा, आणि रेनकोटच्या वरून. आत घातलं तर फुगल्यावर छाती आवळते. मांड्यांमधला पट्टा लावलाच पाहिजे, नाहीतर जॅकेट वर सरकतं आणि माणूस खालून निसटतो.

आदल्या दिवशी जॅकेट फुगवणारी गॅसची छोटी बाटली काढून किचनच्या काट्यावर तोला. एकूण वजन बाटलीवरच कोरलेलं असतं, दोन ग्रॅमहून जास्त कमी भरलं तर बदला. परत बसवताना हाताने घट्ट पिळा. हिवाळाभर पडून राहिलेल्या जॅकेटांत ती सैल झालेली आढळते. पाण्यात गोळी विरघळली की आपोआप फुगणारं जॅकेट दमट कपाटात होतं का? मग गोळीही बदला, नाहीतर पावसातच फुगेल.

भरतीओहोटी: वेळेचं गणित अवघड आहे. पश्चिमेकडची ओढ, म्हणजे भरती-ओहोटीचा प्रवाह, जवळच्या पोर्ट्समथ बंदरातल्या पूर्ण भरतीच्या तासभर आधी सुरू होते आणि साडेपाच तासांच्या आसपास टिकते. उधाणाला (अमावस्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीला) पूर्ण भरती दुपारी बाराच्या आसपास येते. वेळ सोयीची, पण विषुवदिनाजवळची उधाणं मोठी असतात. नैर्ऋत्येचा वारा त्या ओढीसमोर आला की आखूड, उभ्या लाटा उठतात. यार्मथच्या पुढे हर्स्टच्या अरुंद तोंडाशी ओढ ४ नॉट्सच्या (ताशी ४ सागरी मैलांच्या) पुढे जाते. भांगाचा, म्हणजे लहान भरती-ओहोटीचा दिवस घ्या. तेव्हा भरती सकाळी सहा-सातला, म्हणजे उजाडताच निघायचं. अंतर साधारण १५ सागरी मैल, पण वाऱ्यासमोर टॅक घेत (नागमोडी वळणं घेत) वीस होईल. अकराच्या सुमारास पाणी उलटलं की परतीला वारा आणि ओढ दोन्ही पाठीशी.

शिडवाला: आणखी एक. ५ अंशांची हवा २५ अंशांच्या हवेपेक्षा सुमारे ७ टक्के जड, त्यामुळे त्याच वेगाचा वारा शीड जास्त ढकलतो. पहिला रीफ धक्क्यावरच घ्या, म्हणजे शीड थोडं गुंडाळून लहान करा, बोटं बधिर झाल्यावर गाठी बसत नाहीत. क्रम: टॉपिंग लिफ्ट (बूम, म्हणजे शिडाखालची आडवी काठी, वर धरणारी दोरी) ताणा, मेनशीट (बूम आत-बाहेर करणारी दोरी) आणि बूमचा व्हँग (बूम खाली ओढणारी दोरी) दोन्ही सोडा, हॅलयार्ड (शीड वर चढवणारी दोरी) खाली, शिडाची पुढची कडी हुकात, हॅलयार्ड परत ताठ, मग मागचा कोपरा खाली ओढणारी रीफची दोरी. व्हँग सोडायला विसरलात की शिडाचा मागचा कोपरा बूमपर्यंत येतच नाही. विंचने (दोरी ताणायच्या चरखीने) ओढलंत तर शीड फाटेल.

प्रश्नकर्ता: कपड्यांचं? जीन्स चालेल?

भरतीओहोटी: अजिबात नाही. सुती कपडा ओला झाला की अंगातली ऊब खेचतो. अंगालगत लोकर किंवा सिंथेटिक, वर फ्लीस, त्यावर वॉटरप्रूफ. पाणी शिरतं ते मानेतून आणि बाह्यांतून, म्हणून गळ्याला छोटा टॉवेल गुंडाळा, दोन सुके बदलीला ठेवा. हातमोज्यांच्या दोन जोड्या. सुकाणूवर प्रत्येकाला अर्धा तासच. चहा थर्मासमध्ये भरून न्या. केबिन बंद करून गॅसच्या शेगडीने ऊब घेऊ नका, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

शिडवाला: नवख्यांना कॉकपिटमध्येही (सुकाणूजवळच्या बसायच्या जागेतही) आखूड टेदरने, म्हणजे सुरक्षा-पट्ट्याने, बोटीला बांधा. तरी कोणी पडलाच तर लगेच व्हीएचएफ रेडिओच्या चॅनल १६ वर मेडे (संकटाची हाक) द्या. पाण्यात बराच वेळ राहिलेल्याला शक्यतो आडवा उचला. उभा ओढला तर रक्तदाब एकदम पडू शकतो. त्यासाठी पट्टा आणि मोकळा हॅलयार्ड निघण्याआधी तयार ठेवा, आणि एकदा धक्क्यावर कुणाला तरी उचलून बघा.