लहान मुलांना घेऊन छोट्या संग्रहालयात: तुमचे अनुभव लिहा

स्वयंसेवकांनी हौसेने चालवलेल्या दोन-तीन खोल्यांच्या संग्रहालयात लेकरांना घेऊन गेलात का कधी? काय आवडलं, कुठे पंचाईत झाली, सगळं लिहा. सुरुवात मी करते.

माझा मुलगा पाच वर्षांचा. तबकडीच्या जुन्या फोनपाशी जो अडकला तो हलेचना. तिथल्या आजोबांनी झाकण काढलेला एक फोन पुढे सरकवला. "तबकडी परत येताना किती टिकटिक होते, मोज." तीनला तीन, सातला सात आणि शून्याला चक्क दहा! हे मलाही नवीन होतं. पाऊण तास त्या एकाच टेबलापाशी गेला. बाकीच्या खोल्या राहिल्या, पण मला जराही हळहळ वाटली नाही.

---

आमची पहिली खेप वाया गेली. दाराला कुलूप, दोन्ही मुलांची रडारड. अशा जागा आठवड्यातून एखाद-दोन दिवसच उघडतात, त्यातही कुणी आजारी पडलं की बंद. आता फोन केल्याशिवाय निघत नाही. मुलांची वयंही तेव्हाच सांगते. दुसऱ्यांदा गेलो तर हाताळता येतील अशा वस्तू तिथल्या काकूंनी खालीच मांडून ठेवल्या होत्या.

---

आम्ही जुना छापखाना पाहिला. लेकीला तिच्या नावातल्या अक्षराचा खिळा (छपाईचा धातूचा ठसा) दिला, तर ती हिरमुसली, "हे अक्षर चुकलंय!" खिळ्यावर अक्षर उलटंच असतं. शाई लावून कागद दाबला, उचलला, आणि अक्षर सरळ! तिचा चेहरा बघण्यासारखा होता. एक मात्र सांगते, त्या खिळ्यांत शिसं असतं. नंतर साबणाने हात धुवा आणि सगळं तोंडात घालणारं बाळ असेल तर त्याला लांबच ठेवा.

---

मी पलीकडच्या बाजूचा. दर रविवारी अशाच एका संग्रहालयात बसतो. "हात लावू नका" म्हणतो तेव्हा मुलांवर राग नसतो. घामातल्या क्षारांनी पितळेवर बोटांचे डाग धरतात. कापडांच्या खोलीत उजेड मंदच, ५० लक्सच्या (लक्स म्हणजे उजेडाचं माप) आसपास ठेवतो, नाहीतर रंग उडतात. कारण सांगितलं की चार वर्षांचं पोरही हात मागे बांधून उभं राहतं. म्हणून विचारा, मनसोक्त विचारा. आणि अभिप्रायाच्या वहीपाशी पेन मुलांच्या हातात द्या. गेल्या रविवारी एकीने शिवणयंत्र काढलं. त्याच्या चाकाशेजारी उभा असलेला माणूस मी आहे, असं तिने मला बोट ठेवून दाखवलं.