अनुभव धागा : कासवाचं पिल्लू पहिल्या वर्षी कसं सांभाळलंत?

मंडळी, महिन्यापूर्वी आमच्या घरी हर्मन जातीच्या कासवाचं पिल्लू आलं. नाव ठेवलं लाडू. वजन 28 ग्रॅम, आकार लिंबाएवढा. मी ब्रिस्टलला राहते. कागदपत्रं झाली आहेत, आर्टिकल 10 चं प्रमाणपत्र (संरक्षित प्राण्याची विक्री कायदेशीर असल्याचा कागद) हातात आहे. पोटाची बाजू 100 मिलिमीटर झाली की ओळखीसाठी मायक्रोचिप बसवायची, हेही माहीत आहे. पण रोजचं काय? कोणी म्हणतं रोज पाण्यात बसवा, कोणी म्हणतं पाणी दाखवूही नका. ज्यांनी स्वतः पिल्लू वाढवलंय त्यांनी लिहा. काय चुकलं तेही लिहा, त्याचा जास्त उपयोग होईल.

डॅलसहून

ताई, पाणी दाखवा, रोज दाखवा. आमचा मोरू सल्काटा, म्हणजे आफ्रिकेतल्या मोठ्या कासवाची जात. 2015 साली आणला तेव्हा काड्यापेटीहून थोडा मोठा होता. दुकानदाराने बजावलं होतं, आफ्रिकेतल्या वाळवंटाकडचा प्राणी आहे, खडखडीत कोरडा ठेवा. आम्ही आज्ञाधारकपणे तसाच ठेवला. आठ महिन्यांत पाठीवरचा एकेक चौकोन इडलीसारखा वर फुगायला लागला. मला वाटलं, जातच अशी असेल. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या डॉक्टरांनी त्यावर बोट फिरवून सांगितलं, याला पिरॅमिडिंग म्हणतात, आणि मुख्य कारण कोरडी हवा. या कासवांची पिल्लं मूळ मुलखात ओलसर बिळांत, गवताच्या बुडख्यांत दडून असतात. तापलेली उघडी जमीन त्यांच्या वाट्याला नंतर येते.

त्या दिवसापासून वरून झाकलेली पेटी, खाली नारळाच्या काथ्याचा ओलसर भुसा आणि आर्द्रता 80 टक्क्यांच्या आसपास. रात्रीसुद्धा 26 अंशांच्या खाली जाऊ द्यायचं नाही, कारण ओल आणि गारवा एकत्र आले की यांची छाती भरते. रोज सकाळी वीस मिनिटं कोमट पाण्यात, पाणी हनुवटीच्या खाली. नवी वाढ गुळगुळीत आली, पण आधीचे उंचवटे गेले नाहीत. आज मोरू 30 किलोच्या पुढे आहे, अंगणात स्वतःचं बीळ खणून राहतो. पाठीवर हात फिरवला की ते आठ महिने अजून बोटांना लागतात.

तुमच्या हर्मनला एवढी दमट हवा नको, पण पेटीचा एक कोपरा ओलसर हवाच.

म्युनिकहून

आमचंही हर्मनच. इथे लहानपणी चिप नसते, पाठीचे आणि पोटाचे फोटो काढून नोंद ठेवतात. माझी चूक उजेडाची. पेटी खिडकीशी ठेवली होती, छान ऊन यायचं, त्यामुळे वेगळा दिवा लावलाच नाही. काचेतून यूव्हीबी, म्हणजे उन्हातले अतिनील किरण, आत येत नाहीत, हे मला माहीत नव्हतं. ते नसले की ड जीवनसत्त्व तयार होत नाही आणि खाल्लेलं कॅल्शियम अंगी लागत नाही. एक दिवस पाठीची कड चिमटीत धरली तर ती नखासारखी वाकली. पोटात खड्डा पडला माझ्या. आता यूव्हीबी ट्यूब आहे, दिसायला चांगली असली तरी वर्षाच्या आत बदलते, कारण उजेड राहतो पण किरण कमी होत जातात. दिव्याखाली 35 अंश, दुसऱ्या टोकाला गार.

खाण्यात रानपाला: डँडेलियन, क्लोव्हर, तुतीची पानं, जास्वंदीची पानं-फुलं. आई सांगलीहून आली की प्रेमाने केळ्याचा तुकडा द्यायची आणि दोन दिवस याचं पोट बिघडायचं. मग मी तिच्या हातात समुद्रफेसाचा तुकडा दिला, म्हटलं, हा ठेव. कॅल्शियमच असतं ते. पिल्लू तो कुरतडताना बारीक कुरकुर आवाज येतो, आई मांडी घालून तो ऐकत बसते.

टूसॉनहून

आमचं सोनोरन वाळवंटातलं कासव, विकत नाही, ॲरिझोना राज्याच्या वन्यजीव खात्याकडून दत्तक घेतलेलं. अट स्पष्ट: पैदास करायची नाही, आणि परत रानात सोडायचं नाही, कारण पाळीव कासवाचे आजार रानातल्यांना लागतात. घ्यायच्या आधी विचार करा, हे आपल्या नंतरही जगणार आहे. आम्ही मुलीला विचारून घेतलं.

पुण्याहून

माझा अनुभव न पाळण्याचा. नातेवाइकांनी वास्तूसाठी शुभ म्हणून स्टार कासवाची दोन पिल्लं आणून दिली, बुटांच्या खोक्यात, वर सेलोटेप. डोळे सुजून मिटलेले. आपल्याकडे हे पाळणं गुन्हा आहे. 1972 च्या वन्यजीव कायद्यात 2022 च्या दुरुस्तीनंतर हे कासव अनुसूची 1 मध्ये, म्हणजे सर्वाधिक संरक्षणाच्या यादीत आहे, आणि आंतरराष्ट्रीय व्यापारावरही 2019 पासून कडक बंदी. मी वन विभागाच्या 1926 क्रमांकावर फोन केला, माणसं येऊन घेऊन गेली. नातेवाईक वर्षभर बोलले नाहीत. देवळात गाभाऱ्यासमोरच्या दगडी कासवाला आपण हात जोडतो, मग जिवंत कासवाला खोक्यात कोंबून शुभ कसं होईल? भारतातून वाचणाऱ्यांनी कृपया घेऊ नका.

ब्रिस्टलहून पुन्हा

सगळ्यांचे मनापासून आभार. पेटी खिडकीपासून हलवली, ट्यूब मागवली. आज सकाळी लाडूला पहिल्यांदा कोमट पाण्यात बसवलं. आधी दोन मिनिटं मान आत. मग हळूच बाहेर काढली, पाण्यात बुडवली आणि गळा हलताना दिसला, पितच राहिलं. नंतर पाण्यात पांढरट चिकट काहीतरी सोडलं. मी घाबरले होते, पण डॉक्टर म्हणाल्या, ते युरेट, म्हणजे कासवाच्या लघवीतला पांढरा भाग, मऊ आहे म्हणजे ठीक आहे. वजन 31 ग्रॅम.